राग चौथ्या पायरीवर येतो, अडवायचं पहिल्याच पायरीला

वेदांत रोजच्या जगण्यात कसा आणायचा विचारलं की लोक पहाटेचं ध्यान, जप सांगतात, ते चांगलंच आहे, पण भर दुपारी ऑफिसात डोकं फिरतं तेव्हा काय करायचं? मला त्यासाठी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले 62 आणि 63 हे दोन श्लोक सगळ्यात कामाचे वाटतात. त्यात सरळ क्रमच दिलाय. आधी विषयाचं चिंतन म्हणजे एखादी गोष्ट मनात घोळवणं, त्यातून संग म्हणजे आसक्ती, मग काम म्हणजे ती हवीच ही इच्छा, मग क्रोध, पुढं संमोह म्हणजे भान सुटणं, स्मृतिविभ्रम, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश.

म्हणजे बघा, क्रोध चौथा आहे आणि आपण थेट तिथं पोचल्यावर आवरायला जातो, मग कसं जमणार.

समजा प्रमोशन सहकाऱ्याला मिळालं, तुम्हाला नाही. पहिला विचार येणारच, त्याला इलाज नाही. पण नंतर भाजी चिरताना, गाडी चालवताना, झोपताना तेच घोळवत बसतो, त्याचं प्रोफाइल उघडून बघतो, ते झालं चिंतन, आणि ते आपल्या हातात असतं. तेव्हा मनात एवढंच म्हणा, हा विचार मला दिसतोय. जे दिसतं ते मी नाही, मी बघणारा. दृक्-दृश्य विवेक म्हणतात तो हाच, पुस्तकात जड वाटतो पण अशा वेळी वापरला की पटकन कळतो. मग लक्ष हातातल्या कामावर आणा. विचार परत येईल, परत हेच करा, कंटाळू नका.

दाबून मात्र टाकू नका. बाहेरून गप्प आणि आत तेच चालू, याला गीता तिसऱ्या अध्यायात मिथ्याचार म्हणते. घरात चार दिवस अबोला धरणारे आपण सगळे त्यातलेच!

आणि सुटलंच, राग आलाच, तर त्या क्षणी काहीही ठरवू नका, रिप्लाय टाइप करू नका, फोन ठेवा, नामस्मरण करत एक चक्कर मारून या. स्मृतिविभ्रम म्हणजे समोरचा आपला कोण आणि आपण आजवर काय शिकलो हेच आठवेनासं होतं, त्या अवस्थेत बोललेलं परत घेता येत नाही. अन्याय झाला असेल तर बोलायचंच, कृष्णानं अर्जुनाला लढायलाच सांगितलं, फक्त डोकं शांत झाल्यावर बोला.

रात्री पाच मिनिटं बसून बघा, आज कुठला विषय सगळ्यात जास्त घोळवला. गांधीजींच्या आश्रमात स्थितप्रज्ञाचे, म्हणजे स्थिर बुद्धीच्या माणसाचं वर्णन करणारे गीतेतले श्लोक, ज्यात हे दोन्ही येतात, संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणायचे, तुम्हीही ते म्हणून मग बसलात तर उत्तम. सुरुवात मोठ्या दुःखापासून नको, सोसायटीच्या ग्रुपवरचा वाद किंवा रिक्षावाल्याशी झालेली खटपट इतक्या छोट्या गोष्टींवर आधी हात बसू द्या, घरातले जुने राग त्यानंतर घ्या.