लॉन्सवरचं उरलेलं जेवण वस्तीपर्यंत न्यायचं असेल तर

पुण्यात डीपी रोडला लग्नसराईत लॉन्समागून लॉन्स उजळलेले असतात. चाट, पास्ता, डोसा, जिलेबी-रबडी, प्रत्येकाचं वेगळं काउंटर. जवळच इमारतींची कामं चालू असतात आणि तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची पोरं डाळभातावर झोपतात. मला हे बघवत नाही. म्हणून आम्ही काही जण लॉन्सवरचं उरलेलं जेवण उचलून या मजुरांच्या वस्तीवर नेतो. तुम्हालाही करता येईल.

मुहूर्ताच्या तारखा पंचांगात असतातच. त्या बघून आठवडाभर आधी यजमानांना गाठा. केटररचे पैसे ताटांच्या ठरलेल्या आकड्यावर असतात, माणसं कमी आली तरी ते द्यावेच लागतात. पैसे यजमानांचे, म्हणून आधी परवानगी त्यांची. केटरर मात्र घाबरतो: उद्या कुणाला उलटी झाली तर? त्याला लिहून द्या की अमुक वाजता अमुक पदार्थ चांगल्या अवस्थेत ताब्यात घेतले. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2019 चे नियम आहेत, तेही दाखवा.

मग आचाऱ्याला भेटा. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बुफेवर न गेलेलं, पातेल्यात झाकून ठेवलेलं अन्न कुठलं, हे त्यालाच ठाऊक असतं. आम्ही तेवढंच घेतो. ताटातलं उष्टं तर कधीच नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

भाताची फार काळजी घ्या. कोमट भातात जंतू वाढून जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. अन्न 60 अंशांच्या वर गरम हवं, नाहीतर 5 अंशांच्या खाली थंड. पन्नास-शंभर रुपयांचा थर्मामीटर नको, जरा बरा घ्या आणि प्रत्येक पातेल्यात मधोमध बुडवून बघा. दोन तासांहून जास्त वेळ कोमट राहिलेलं सोडून द्या. रायता, पनीर, रबडी, ओल्या खोबऱ्याची चटणी आम्ही नेतच नाही. पुऱ्या, जिलेबी, मोतीचुराचे लाडू बिनघोर न्या.

वस्तीवर आधीच फोन करा. रात्री साडेअकराला पोरांना झोपेतून उठवून रांगेत उभं करणं मला क्रूर वाटतं. तिथल्या एखाद्या मावशींना विचारा, किती घरं जागी आहेत, कोण मांसाहार करत नाही. मग घरोघरी डबा द्या, शक्यतो त्यांच्याच भांड्यात. फोटो काढू नका. यजमानांनी मागितले तर रिकाम्या पातेल्यांचे पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मावशींना फोन करून कुणाचं पोट बिघडलं का ते विचारा. बिघडलं असेल तर आधी दवाखाना, मग केटररला लगेच कळवा, कोणता पदार्थ आणि किती वाजता घेतला ते सांगून.