केनियाला मुलांचं शिबिर घ्यायला निघताय? आधी घड्याळ शिका

यंदा आमच्या विरारजवळच्या आगाशीकडचे सहा जण ऑगस्टात मोंबासाजवळच्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, मुलांचं शिबिर घ्यायला निघालेत. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ओटीवर येऊन बसतं, ‘टीचर, काय काय न्यायचं?’ मी दोनदा जाऊन आलेय, म्हणून मला विचारतात. एकतीस वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरी सांभाळली, तीसेक वर्षं रविवारचं धर्मशिक्षण घेतलं, तरी तिथला माझा पहिला दिवस साफ बुडाला. तोच आधी सांगते.

आदल्या संध्याकाळी चर्चच्या आवारात पोरं चिंध्यांचा चेंडू करून खेळत होती. मी विमानात स्वाहिली आकडे पाठ केले होते. मोजा, एम्बिली, टाटू करत नऊपर्यंत. नऊ म्हणजे टिसा. मोठ्या ऐटीत ओरडले, ‘केशो, सा टिसा!’ उद्या, नऊ वाजता. पोरांनी टाळ्या पिटल्या, ‘सा टिसा, सा टिसा’ करत घरी गेली. सकाळी आठलाच आम्ही चटया अंथरल्या, आंब्याला दोरी बांधून चित्रं टांगली. नऊ वाजले, दहा वाजले. एक कोंबडी आली, चटईवर फिरून गेली. अकराला तिथले म्वालिमू, म्हणजे शिक्षक, सायकलवरून आले आणि उन्हात का बसलात म्हणून विचारू लागले. दुपारी बरोब्बर तीनला चाळीस-बेचाळीस पोरं आंघोळ करून, केस विंचरून हजर!

स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे सा मोजा, पहिला तास. आपले नऊ म्हणजे सा टाटू, आणि सा टिसा म्हणजे दुपारचे तीन. आपल्या घड्याळातून सहा वजा करा, वजा होत नसतील तर सहा मिळवा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे बारा महिने सहा-साडेसहालाच उजाडतं, म्हणून हा हिशोब कधी बिघडत नाही. आमची आजी दिवसाचा पहिला प्रहर सूर्योदयापासूनच धरायची, तेव्हा मला हे आधीच सुचायला हवं होतं. आता मी पोरांना वेळ सांगतच नाही.

निघण्यापूर्वीचं थोडक्यात. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. परत येताना ते नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस मुंबईतल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, विरारच्या दवाखान्यात विचारत बसू नका. प्रवासाचा परवाना ऑनलाइन काढायचा असतो. पण आपण तिथे शिकवायला चाललोय, फिरायला नाही, तेव्हा कुठला परवाना लागतो हे बोलावणाऱ्या चर्चकडून लेखी मागवा. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आमच्यातल्या एकीने चपला, साबण, चिवडा सगळं कॅरीबॅगांत बांधलं होतं, ते विमानतळावर उघड्यावर सोडवावं लागलं. कापडी पिशव्या शिवून घ्या. घड्याळ अडीच तास मागे करा.

तालीम मात्र जोरात करा, आणि ती इथेच. आम्ही मेमध्ये राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारच्या वर्गातली पोरं जमवली आणि त्यांना बायबलातली जक्कयाची गोष्ट एकही मराठी शब्द न वापरता सांगायची असं ठरवलं. बुटका माणूस, गर्दी, झाड, वर बघणारे येशू, ‘खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय’. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या दहाच ओव्या, पण पहिल्या खेपेला पोरांना वाटलं कुणीतरी आंबे चोरतोय. चौथ्या खेपेला कळलं. दुभाषा मिळणार आहे म्हणून ही मेहनत टाळू नका. दुभाषा असला तर एका दमात दोन छोटी वाक्यंच बोलायची, मग गप्प. मला पहिले दोन दिवस गप्प राहणं जमलं नाही. म्वालिमू पुढचं बोलायला तोंड उघडायचे आणि मी तिसरं वाक्य घुसवायची.

आता प्रत्यक्ष दिवस. पोरं आली की मोठ्यांना ‘शिकामू’ म्हणतात. आपण ‘मराहबा’ म्हणायचं, हॅलो-बिलो नाही. पोरांनी मला ‘दादा’ म्हटलं तेव्हा आमची सगळी मंडळी हसली. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. आमच्यातल्या पास्कुला सगळ्यांनी काका केलं, तो बिचारा चोवीस वर्षांचा! उलट किताबू, कलामू, चाय, दुका हे ऐकताच ओळखता येतात. या किनाऱ्यावरचे आणि आपल्या किनाऱ्यावरचे लोक वाऱ्याबरोबर एकमेकांकडे ये-जा करत आलेत, भाषेत ते उरलंय. पहिल्या दिवशी असे दहा शब्द फळ्यावर काढा, पोरं आपल्याला शिकवतात आणि त्यांची भीड मोडते.

मग एक गाणं, गोष्ट, चित्र काढणं, खेळ, जेवण. बारापर्यंत आटोपायचं, पुढे उकाड्यात कुणाचं लक्ष लागत नाही. गोष्टीत जक्कय उंबरावर चढतो म्हणून मी घरून उंबराचं चित्र रंगवून नेलं होतं. एका मुलीने ते बघून आवाराबाहेर बोट दाखवलं. तिथे एक जंगी बाओबाब होता, चार पुरुषांच्या कवेत न मावणारा. आपल्या वसईतली गोरखचिंच तीच. ‘त्यावर?’ सगळी पोरं हसली, त्यावर कोण चढणार? म्वालिमूंनी सरळ जक्कयाला आवारातल्या आंब्यावर चढवलं. एक पोरगा खरोखरच चढून बसला, आणि मी खालून ‘खाली ये’ म्हटल्यावर त्याने अशी काही उडी मारली की गोष्ट आपोआप संपली. त्यानंतर मी चित्रं नेत नाही. खडू, दोरी आणि वापरून मऊ झालेल्या जुन्या साड्या नेते. साडीचा समुद्र होतो, तंबू होतो, मेंढपाळाचा अंगरखा होतो.

वस्तू पोरांच्या हातात वाटू नका. मी एकाला रंगीत खडूंची पेटी दिली आणि अर्ध्या मिनिटात तीन पोरं रडत होती. जे न्याल ते म्वालिमूंकडे द्या, ते वर्गासाठी ठेवतील. कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने खोलीत थांबायचं नाही, आपल्यातले दोन मोठे कायम दिसतील असं बसायचं. फोटो त्यांच्या चर्चने सांगितले तरच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आपल्या पोरांचे फोटो कुणी परक्याने असे फिरवले तर आपण काय म्हणू?

आम्ही आगाशीची सुकेळी नेली होती, केळीच्या सोपट्यात बांधून. पण खाऊ आणायची परवानगी आधी विचारून घ्या, विमानतळावर तपासतात. दुपारी आवारातच नारळाच्या रसातला भात शिजतो. त्याला वाली म्हणतात, आमच्या पास्कुने वाल समजून दोनदा वाढून घेतला. नारळ खवायला तिथे पातं बसवलेलं छोटं लाकडी आसन असतं, त्याचं नाव एम्बुझी, म्हणजे बकरी. त्यावर बसून मी नारळ खवला आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनी मला त्यांच्यात घेतलं.

एक दुपार मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउन या जुन्या वसाहतीसाठी राखा. आपण इथून पहिल्यांदा जाणारे नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या शाळेत वाढवत. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि शोधक लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचं नाव झाडाच्या खोडावर कोरणारा जेकब वेनराइट तिथलाच विद्यार्थी. 1875 च्या सुमारास मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं, आणि नाशिकहून गेलेली माणसं तिथे कामाला लागली. तिथली घंटा अजून आहे. म्वालिमूंना विचारा, ते नेतात.

आणि संध्याकाळी उद्याची वेळ त्यांनाच सांगू द्या. मी फक्त मागे उभी राहते. तीन वर्षांनी दुसऱ्यांदा गेले तर फाटकाशी एक उंच पोरगी दिसली, तिने ओळखलं आणि आत ओरडली, ‘म्वालिमू टिसा आली!’