हेड उतरवायच्या आधी

जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी घाटात मागे पडायला लागली, सकाळी सेल्फ मारून मारून दमवायला लागली, की गॅरेजमध्ये निकाल तयार असतो: "कॉम्प्रेशन डाउन आहे, इंजिनकाम निघालं." कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. कधी तो निकाल बरोबरही असतो. पण हा दाब मोजणारा गेज लावल्याशिवाय तो कुणीच देऊ नये, आणि तयारी अर्धवट ठेवून लावलेला गेज तर न लावलेलाच बरा. खाली लिहिलंय ते या ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला धरून. पण कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी गेज मिळवा. तोंडावर रबरी शंकू असलेला, हाताने दाबून धरायचा गेज स्वस्त असतो, पण हात जरा हलला की हवा सुटते. प्लगच्या जागी आट्यांवर बसणारा घ्या, १४ मिलिमीटरच्या अडॅप्टरचा. सोबत प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), इंजिन ऑइल, टोकाला नळी लावलेली सिरिंज, वही-पेन आणि आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा एक माणूस. बॅटरी आदल्या रात्री चार्जरला लावा. सेल्फ मंद फिरला की तिन्ही आकडे खाली येतात आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं.

गाडी पावसाळाभर झाकून उभी असेल तर त्याच दिवशी गेज लावू नका. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्ह मिटताना ज्यावर टेकतो त्या सीटवर गंज धरलेला असतो. ऑइल-पाणी बघून तीसेक किलोमीटर फिरवून आणा, मग बघू.

इंजिन थंड असतानाच दोन कामं उरका. पहिलं टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधल्या फटीचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हचा गॅप फिलर गेजने मोजा आणि मॅन्युअलमधल्या थंड इंजिनाच्या आकड्याशी ताडून बघा. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर हे सोडूच नका. गॅसवर चालताना व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) वर सरकतो, गॅप कमी होत होत संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. मालक मात्र खूश, कारण टॅपेटचा आवाज बंद झालेला असतो! जुन्या इंजिनाची टॅपेट आपोआप शांत झाली तर काळजी करायची. नुसता गॅप नीट लावल्यावर मेलेला सिलिंडर परत उठल्याची उदाहरणं कमी नाहीत. सीट फार झिजली असेल तर हेडचं काम टळत नाही, पण तेव्हाही बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) किंवा पिस्टनला हात लावायचं कारण नसतं.

दुसरं काम प्लगचं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तापलेल्या हेडमधून जाम झालेला प्लग ओढला तर आटे घेऊनच बाहेर येतो. म्हणून थंड असतानाच प्रत्येक प्लग अर्धा फेरा सैल करून परत बसवा. त्याआधी प्लगभोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाईल.

आता इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा आणि बंद करा. कॉइलकडे इग्निशनमधून येणारी वायर काढा. उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना ठिणगी नको. एअर फिल्टर काढा, तिन्ही प्लग काढून क्रमाने ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चोक उघडा. आतल्या माणसाला अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून धरायला सांगा. थ्रॉटल बंद राहिला तर हवाच आत जात नाही आणि आकडा पडतो. गेज हाताने आवळून बसवा. सेल्फ मारायला सांगा, काटा पाच-सहा टप्प्यांत वर चढून थांबेल. पहिल्या टप्प्याचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे लिहा. पुढच्या सिलिंडरआधी सेल्फला थोडी उसंत द्या.

आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक बोलका. समजा १६५, १६० आणि ९५ पीएसआय (दाबाचं एकक) आले. ९५ वाल्यात सिरिंजने चमचाभर ऑइल सोडा, सेल्फ मारा, परत मोजा. १४० च्या आसपास गेला तर रिंगा किंवा बोअर. ऑइलने फट तात्पुरती भरली. जागचा हललाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सील. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेलंय असं धरून चाला. तिन्ही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्ट दात चुकलाय का ते आधी बघा. शिवाय महाबळेश्वरची गाडी मुंबईच्या आकड्यांशी जोखू नका. साडेतेराशे मीटरवर हवाच विरळ, आकडा सुमारे १५ टक्के कमीच येणार. ही ऑइलची युक्ती डिझेल गाडीला करू नका. तिचा गेजही वेगळा लागतो.

तरीही शंका उरली तर कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये जा. संशयित सिलिंडरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायला सांगा आणि स्वतः कान लावा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. हवा भरताना गाडी गिअरमध्ये नसावी आणि क्रँकच्या बोल्टवर पाना राहिलेला नसावा. पिस्टन खाली सरकला तर तो पाना गरकन फिरतो.

सगळं परत जोडताना कॉइलची वायर विसरू नका. ऑइल सोडलेला सिलिंडर सुरुवातीची काही मिनिटं निळसर धूर मारेल, तो थांबेपर्यंत गाडी तशीच चालू ठेवा. वहीतलं पान फाडून मिस्त्रीला दाखवा, आणि हेड उतरवायचंच ठरलं तर खर्चाचा अंदाज हेडचा वेगळा आणि बोअर-पिस्टनचा वेगळा मागा.