वेड्यावाकड्या आराखड्याचं लाकडी घर भूकंपासाठी कसं तपासावं

आराखडा हातात आला की मी खोल्या बघत नाही, भिंती बघतो. प्लायवूड ठोकलेल्या, म्हणजे आडवा जोर झेलणाऱ्या शिअर वॉल लाल पेन्सिलीने गडद करतो. सगळा लाल रंग एकाच बाजूला जमला, तर घर हादऱ्यात पिळवटणार. पुढे गॅरेज असलेली घरं बहुधा अशीच. शिवाय तळमजल्याचा कडकपणा वरच्या मजल्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरला, तर तो ‘सॉफ्ट स्टोरी’. १९९४च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात अशा एका तीन मजली लाकडी इमारतीचा तळमजला चिरडला, १६ माणसं गेली. त्यामुळे इथे मी तडजोड करत नाही: उघड्या बाजूला पोलादी चौकट घालतोच.

एल (L) आकाराच्या घरात आतला कोपरा सांभाळा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात आणि मजल्याची तक्तपोशी तिथेच फाटते. कोपऱ्यातली तुळई आत लांबवर न्या, सांध्यांवर धातूची पट्टी मारा, शिअर वॉलला थेट जोडा.

उंची रुंदीच्या साडेतीनपटीहून जास्त असलेली भिंत हिशेबात धरू नका. टोकांना होल्ड-डाउन, म्हणजे भिंत पायाला घट्ट बांधणारे धातूचे जोड, हवेतच. खिळ्याचं डोकं प्लायवूडला टेकलेलं असावं, आत घुसलं की ताकद घटते. भिंती झाकण्याआधी मी हे स्वतः हात फिरवून तपासतो.