म्युझिकसाठी कॉम्प्युटर अपग्रेड करताय? आधी काय अडतंय ते बघा, मग नागपूरच्या बर्डीवर जा

एप्रिल जवळ आला की भीमगीतं करणाऱ्या आपल्या पोट्ट्यांची एकच बोंब, ढोलकीचे चार ट्रॅक, कोरस, वर दोन रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे इफेक्ट) टाकले की आवाज तडतड करून रायला. मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जायचं, "भाऊ म्युझिकसाठी पीसी दाखवा" म्हणायचं, आणि समोर येतो लाइटवाला गेमिंग कॅबिनेट अन् महागडं ग्राफिक कार्ड. ऑडिओला ग्राफिक कार्डाचा जवळपास काही उपयोग नाही, प्रोसेसरमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स असलं की झालं. म्हणजे बजेटचा एक मोठा तुकडा तर इथेच वाचला.

खर्चाआधी तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट प्ले करा आणि बाजूला विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवा, कशावर किती लोड आहे ते त्यात दिसतं. रॅम भरत आली असेल तर रॅम घ्या, डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी फास्ट डिस्क. दोन्ही निवांत असून आवाज तुटतोय तर प्रोसेसर नाहीतर ड्रायव्हर (वायफाय, साउंडसारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर), आणि इथे बरेच जण फसतात, कारण टास्क मॅनेजर सीपीयू म्हणजे प्रोसेसर ४० टक्केच दाखवतो पण एका ट्रॅकवर लावलेले प्लगइन (रिव्हर्बसारखे इफेक्ट) साधारण प्रोसेसरच्या एकाच कोरवर, म्हणजे एकाच भागावर चालतात, तो एक कोर दमला की तडतड सुरू. कोणता ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं लॅटन्सीमॉन नावाचं टूल फुकट आहे, ते चालवून बघा, कित्येकदा गुन्हेगार वायफायचा ड्रायव्हर निघतो आणि एक रुपया लागत नाही.

बाकी फुकटातलं पण आधी करून घ्या. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती सॅम्पल जमवून आवाज पुढे पाठवतो ते) गाताना १२८, मिक्सिंगला १०२४ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ म्हणजे साधारण २३ मिलिसेकंदांचा उशीर, गायकाला हेडफोनमध्ये ते खटकतं पण मिक्स करताना काय फरक पडतो? जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे इफेक्टसकट तयार आवाज म्हणून साठवा, प्रोसेसरचं ओझं कमी होतं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाका.

पैसे घालायचेच तर पहिला नंबर एसएसडीचा. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी देते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास, सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा) उघडायला चहा होईपर्यंत थांबावं लागत नाही. जुनी डिस्क बॅकअपला ठेवा, फेकू नका.

रॅम ८ जीबीची १६ केली की बहुतेकांचं भागतं, ऑर्केस्ट्राच्या मोठ्या लायब्ररी वापरत असाल तरच ३२. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर४ च्या मदरबोर्डात डीडीआर५ बसत नाही, म्हणून बोर्डाच्या मॉडेल नंबरचा फोटो काढून दुकानात न्या. आणि २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव चांगलेच चढले, तेव्हा यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओतला रेट धरून घरून निघू नका. अॅपलचं एम सिरीजचं मॅकबुक असेल तर विषयच संपला, त्यात रॅम नंतर वाढत नाही, घेतानाच काय ते ठरवायचं.

प्रोसेसरला हात लावला की मात्र बजेट फुटतं. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बहुतेकदा बसत नाही, म्हणून बोर्ड, नव्या बोर्डाला बहुतेकदा डीडीआर५, मग दुकानदार म्हणतो एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) पण बदलून टाका. म्हणून सुट्या प्रोसेसरचा भाव विचारूच नका, सगळ्याचं मिळून कोटेशन लिहून मागा, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा तेही, दोन-तीन दुकानांतून. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते, तुमचं मशीन त्याच्याही आधीचं असेल तर त्यात एसएसडीशिवाय काही टाकू नका, ती उद्या काढून नव्यात लावता येते.

आता आपल्या गावचा खर्च, जो कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, रेकॉर्डिंगला डेझर्ट कूलर बंद करावा लागतो कारण त्याची घरघर माइकमध्ये येते, खोली तापते, प्रोसेसर गरम होऊन स्पीड कमी करतो आणि त्याचा पंखा बोंबलायला लागतो तो वेगळा. त्यामुळे नवा प्रोसेसर घ्यायच्या आधी कॅबिनेटमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला, प्रोसेसरसोबत कंपनीने दिलेल्या कूलरऐवजी जरा मोठा, हळू फिरणारा लावा. जमलं तर कॅबिनेट भिंतीपलीकडे ठेवून लांब केबल ओढा, फक्त यूएसबी केबल पाच मीटरच्या आत असू द्या. आणि यूपीएस घ्याच, उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा काही नेम नाही.