सीबेड मॅपिंगमध्ये यायचंय? आधी चिखलात हात घाला

ज्युनियर मुलं हमखास विचारतात की समुद्राच्या तळाचे नकाशे काढायच्या या फील्डमध्ये यायचं तर डायव्हिंगचा कोर्स आधी करू का पायथन आधी, आणि मी सांगते दोन्ही नंतर, आधी ग्रॅब, म्हणजे तळातला चिखल जबड्यात पकडून वर आणणारं अवजार, ओढायला शिका. कारण सोनारला, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राला, वाळू, शिंपले असलं काही कळत नाही, आवाज जोरात परत आला की हळू एवढंच कळतं. कडक तळ आवाज जोरात परत पाठवतो, मऊ चिखल बराचसा गिळून टाकतो. पण कडक म्हणजे खडक की शिंपल्यांचा थर, हे ग्रॅब नाहीतर कॅमेराच सांगणार.

गोव्यात झुआरी नदीत चिखलीच्या बाजूला बघा, चिखलात चपटे पातळ शिंपले असतात, गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे तेच. ग्रॅब वर आला, टबात सोडला की आधी कुजक्या अंड्याचा वास, मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर खाडीचंच पाणी हळूहळू सोडत बसायचं, घाईने पाइप मारला तर किडे तुटतात, आणि लॅबमध्ये मोजायची असतात फक्त डोकी, शेपट्या कितीही मिळोत. जबड्यात शंख अडकला असेल तर चिखल वाटेतच धुऊन गेलेला असतो, ते सॅम्पल सरळ फेकायचं. होडीवाला वैतागेल, वैतागू दे.

उथळ पाण्याचा वैताग वेगळाच. मल्टीबीम, म्हणजे एका वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणारा सोनार, त्याचा पट्टा खोलीच्या साधारण तीन-चार पट, म्हणजे ५ मीटर पाण्यात १५-२० मीटरच, त्यामुळे होडीने शेजारी-शेजारी लाइनी मारून मारून जीव जातो. नदीच्या तोंडाशी वर गोडं आणि खाली खारं पाणी असलं की आवाजाचा वेग बदलतो, कुठल्या खोलीला आवाजाचा वेग किती याचं प्रोफाइल घेतलं नाही तर सपाट तळही कडेला वाकलेला दिसतो. सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट आहेत, १० मीटरचा पिक्सेल आहे, सगळं खरं, पण लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात तळ दिसतो तसा मांडवीच्या गढूळ पाण्यात दिसत नाही बाबा.

मॉनिटरिंग म्हणजे त्याच जागी, त्याच सीझनला परत जाणं. हणजुण्याच्या खडकांवर हिवाळ्यात सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ माजलेलं असतं आणि उन्हाळ्यात ते विरळ होतं, मग जानेवारीचा नकाशा मेच्या नकाशाशेजारी ठेवून ‘शेवाळ घटलं’ असं लिहिणारे रिपोर्ट बघितले की डोकं फिरतं. पावसाळ्यात तर पाण्याखाली काही दिसतच नाही. ग्रांदे बेटाजवळ जाल तेव्हा प्रवाळाला हात लावू नका, दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, परवानगीशिवाय तुकडाही उचलायचा नाही.

शिकायला ताळगावला गोवा विद्यापीठ आहे, दोना पावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आहे, तिथे डेझर्टेशन, म्हणजे शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रोजेक्ट, मिळतंय का विचारा. नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट आहे, घरी बसून होतं. पगार पोर्टच्या आणि ऑफशोअरच्या सर्व्हेत बरा, बायोलॉजीवाल्यांना प्रोजेक्ट संपला की पुढचा शोधायचा, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि पहिल्या लाइनीच्या आधी होडीवाल्याला विचारा, जाळं कुठे अडकतं. तिथे बहुतेक वेळा खडक निघतो, ते पॉइंट जीपीएसमध्ये टाकून मगच टोफिश, म्हणजे होडीमागे दोरीने ओढायचा सोनार, पाण्यात सोडा, ते आपटून फुटलं तर बिल आपल्याच प्रोजेक्टवर येतं.