मोकळ्या हॉलात बसायला जाण्याआधी

टीम पुढच्या सोमवारपासून मोकळ्या हॉलात बसणार असेल, तर आधी बसण्याचा नकाशा हातात घ्या. कोण दिवसभर फोनवर असतं आणि कोण कोड लिहितं, एवढ्या दोनच खुणा त्यावर करा. सपोर्ट आणि सेल्सवाले दाराकडे, पँट्रीच्या बाजूला. डेव्हलपर आणि टेस्टर आतल्या कोपऱ्यात, शक्यतो भिंतीला पाठ करून. पश्चिमेची काच असेल तर पडदे आधीच लावून घ्या. मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेल्यावर तिथे दुपारी स्क्रीनही दिसत नाही.

एसीच्या घरघरीची काळजी करू नका. आपण नागपूरकर कूलरच्या आवाजातच लहानाचे मोठे झालो. एकसुरी आवाज कान सोडून देतो. कळणारं बोलणं मात्र त्याला सोडता येत नाही. त्यातही फोनवरचं एकतर्फी बोलणं सगळ्यात वाईट, कारण पलीकडचा काय म्हणाला असेल हे डोकं आपोआप जुळवत बसतं. शेजारी कोणी ‘काऊन बे, झालं नाही का अजून?’ म्हटलं की हातातला बग, म्हणजे शोधत असलेली कोडमधली चूक, डोक्यातून गेलाच. म्हणून सगळं बजेट महागड्या हेडफोनवर घालवू नका. नॉइज कॅन्सलिंग मुख्यतः एसी-पंख्यासारखा खालच्या पट्टीतला सलग आवाज कापतं, बोलणं बरंचसं आत येतंच.

त्यापेक्षा फोनसाठी एक बंद बूथ मागा: दार, खुर्ची, प्लग आणि हवा. हवा विसरू नका. आमच्याकडे बूथ आला, पण पंख्याशिवाय. एप्रिलमध्ये त्यात कोणी पाच मिनिटं टिकेना. शेवटी पाण्याचे रिकामे जार त्यात गेले आणि माणसं पुन्हा हॉलात बोलू लागली.

शांत वेळ आधीच ठरवून सगळ्यांना कळवा. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल संध्याकाळीच असतात, तेव्हा सकाळी दहा ते साडेबारा मोकळे मिळतात. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, पावणेदहाला, तर्री पोहे त्याच्याही आधी. या अडीच तासांत प्रश्न चॅटवर लिहायचा, खांद्यावर टिचकी मारायची नाही. सर्व्हर पडला तर काय, असं कोणीतरी विचारणारच; त्यासाठी दर आठवड्याला एक माणूस नेमा, सगळे व्यत्यय त्याच्याकडे. त्या आठवड्यात त्याला मोठं काम मात्र देऊ नका, नाहीतर दोन्ही बोंबलेल.

वरचे साहेब म्हणतील, मोकळ्या जागेत माणसं एकमेकांशी जास्त बोलतात. त्या बैठकीसाठी हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांचा 2018चा अभ्यास जवळ ठेवा. दोन मोठ्या कंपन्यांची ऑफिसं मोकळी झाल्यावर त्यांनी माणसांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं: समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. साहेब तरी हॉल बदलणार नाहीत, पण बूथ मंजूर करून घ्यायला आकडा बरा पडतो.

आणि शुक्रवारी सगळे घरी गेल्यावर एकाला सपोर्टच्या टेबलावर नेहमीच्या आवाजात फोनवर बोलायला बसवा. तुम्ही डेव्हलपरच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीत बसा. नुसता आवाज आला तर चालेल. शब्द कळले, तर डेव्हलपरची रांग आणखी मागे सरकवा आणि पुन्हा फोन लावायला सांगा.